टॉप टियरवरची राजाराणी

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी हुणसूरहून मंडी मोहल्ल्यातल्या सासरी आले ती लाकडी राजाराणी मांडीवर घेऊनच. आमच्या म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात आणि नवरीला माहेरची ही जोडी मिळते. मान तिचा, सगळ्यांत वरच्या पायरीचा. माझी जोडी अशी रुबाबदार, की बसमधला कंडक्टर उठून तिला जागा देणार होता. पण घरातल्या वरच्या पायरीवर सासूबाईंची जोडी आधीच बसलेली, बहुधा म्हैसूर वसायच्या आधीपासून.

मामंजी बेळगोळच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या तोंडी पायरी हा शब्दच नव्हता. खालची ती ‘रो’, मधली ‘लेयर’, वरची ‘टॉप टियर’. पोळ्यांच्या चवडीतही ते लेयर मोजत. त्यांनी निकाल दिला, टॉप टियरला व्हेकन्सी नाही, नव्या जोडीने एन्ट्री ग्रेडला बसावं. म्हणजे अगदी तळाशी, बाहुल्यांमधल्या वाण्याच्या दुकानापाशी. माझी राजाराणी रेशनला उभी!

मी गोड आवाजात सुचवलं, आपण सासूबाईंना प्रमोशन देऊ, वर एक पायरी वाढवू. पायऱ्या विषमच लागतात, म्हणून दोन वाढवल्या. माझ्या लग्नातल्या ट्रंका कामी आल्या. सासूबाई खूश. त्यांचा राजा इतका वर गेला, की त्याला चामुंडीची टेकडी खाली दिसत असावी. फेटा छताला टेकला. मधे कलश, आणि जुन्या टॉप टियरवर माझी जोडी, बरोबर डोळ्यांसमोर.

हळदीकुंकवाला बायका आल्या, सतरंजीवर बसल्या, माझ्या जोडीचं कौतुक करून चकली खाऊन गेल्या. मान वर कोणी केलीच नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई भर दुपारी टॉर्च घेऊन उभ्या राहिल्या. तरी नाही. शेवटी टॉर्च खाली ठेवून म्हणाल्या, “उतरव गं त्यांना. माझ्या राजाला छत नको, माणसं हवीत.”

दोन्ही जोड्या एकाच पायरीवर आल्या, खांद्याला खांदा लावून. मामंजी हादरले. एका टियरला दोन हेड कसे, असं त्यांचं म्हणणं.

“तुम्ही सुम्ने बसा,” सासूबाईंनी कानडीत गप्प केलं त्यांना. “तुमच्या कारखान्यात सासू-सून नाहीत.”

पुढे दरवर्षी तसंच मांडलं. माझी जोडी बोटभर पुढे असायची. कुंकवाचा करंडा ठेवता ठेवता सासूबाई ती मागे सरकवायच्या, आणि बायकांच्या चपला दारात वाजेपर्यंत ती पुन्हा पुढे आलेली असायची.