द्वारकाची एकटीची फेरी

हडपसरला त्या सकाळी दाट धुकं होतं. द्वारका शेवाळेनं गिऱ्हाइकांचे डबे पोचवले आणि गाडी रिकामी करायला घेतली. आज ती शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला जाणार होती; तिथे गाडीत सुटं सामान चालत नाही, म्हणून क्रेट, छत्री, पायपुसणी, सगळं ओट्यावर आलं.

"घाटात कधी चालवली नाहीस, आणि निघालीस शर्यतीला," तिचे यजमान रावसाहेब म्हणाले.

"चालवू दिलीत का? गाडी माझी, पण घाट आला की माझ्या जागेवर तुम्ही."

जाताना दिवेघाटात रावसाहेबांनी तेच केलं.

ट्रॅकवर शिकवायला प्रज्ञेश शेजारी बसला. त्याला पटलं तरच एकटीनं फेरी मिळणार होती, आणि द्वारकाला तीच हवी होती. पहिल्याच वळणावर तिनं सवयीनं हॉर्न दाबला. दुसऱ्यावरही.

"मावशी, समोरून कोण येतंय?"

"हडपसरात कुणी ना कुणी येतंच, बाबा."

"इथे नाही येणार. ब्रेक वळणाच्या आधी, नजर पुढे, आणि हॉर्न विसरा."

पुढच्या फेऱ्या तिनं गुमान, नीट घेतल्या. प्रज्ञेश उतरला. "जा आता एकट्या."

सरळ पट्ट्यावर गाडी अशी सुटली की कुंपणाशी उभे रावसाहेब टोमणा मारायचंच विसरले.

परतताना घाट आला, तरी ते आपल्या जागेवरून हलले नाहीत. द्वारकानं ताठ मानेनं गाडी घाटात घातली. इथल्या वळणांवर मात्र तिनं हॉर्न आठवणीनं वाजवला.

घरी पोचल्यावर तिनं क्रेट पुन्हा डिकीत ठेवले आणि संध्याकाळच्या डब्यांसाठी मेथी निवडायला बसली.