सैल सोडलेला पट्टा

फोन आला तेव्हा माझ्या डाव्या पायाचं पॅड बांधून झालं होतं आणि उजव्याचं राहिलं होतं. परभणीच्या स्केटिंग रिंकवर सकाळचा सराव सुरू व्हायचा होता. मी गोलकीपर, त्यामुळे पावलापासून मांडीपर्यंत येणारी ती गादीसारखी जाड पॅडं चढवायला मला सगळ्यांच्या आधी बसावं लागतं. झरीहून मामेभाऊ बोलत होता. "ताई, अण्णा गेले... मेंढरांच्या वाड्याची जाळी काढायला वाकले आन् तितंच बसले. दवाखान्यात न्यायला बी टाइम दिला न्हाई." मी "बरं" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. मग बांधलेलं पॅड सोडायला वाकले तर बोटं चालेनात, शेवटी एका मुलीने खाली बसून बक्कल काढलं. त्या पॅडांचा एकेक पट्टा अण्णांच्या, म्हणजे माझ्या किसनमामांच्या हातचा. झरीपर्यंत जीपमध्ये मी एकच विचार करत होते, की आता हे तुटले तर कोणाकडे न्यायचे...? माणूस गेल्यावर आधी काय आठवेल याचा काही नेम नसतो.

किसनमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. झरीला थोडं रान होतं, पण जीव सगळा मेंढरांत. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे, आणि तोवर सगळा संसार घोडीच्या पाठीवर. ओझं जागेवर राहावं म्हणून घोडीच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात त्याला तंग म्हणतात. घोडी बेरकी असते. तंग ओढायला लागलं की ती छाती भरून श्वास घेते आणि पोट फुगवून उभी राहते, म्हणजे मागाहून श्वास सोडला की पट्टा आपोआप ढिला. म्हणून मामा एकदा तंग ओढून तिला थोडं चालवायचे, तिच्याशी इकडचं तिकडचं बोलायचे, जणू काम संपलंच आहे, आणि ती बेसावध झाली की झटकन आणखी एक भोक आवळायचे. आम्ही भाचरं पोट धरून हसायचो, पण मामा कधी हसले नाहीत. वाटेत नदी आली की तंगाला हात, चढ आला की हात. मामी म्हणायच्या, "येवढ्या बारी देवाला हात लावला अस्ता तर देव तरी पावला अस्ता."

त्यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. माझी आई उजव्या पायाने लंगडते. ती लहान असताना, तळ हलवायच्या दिवशी, तिला घोडीवर ओझ्याच्या वर बसवलं होतं. तंग बांधला होता मामांनी, आणि तेव्हा त्यांना मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. दुधना नदीच्या काठाला उतारावर घोडी पुढे वाकली, ओझं फिरलं आणि आई त्याच्याखाली आली. हाड बसवलं, पण ते वाकडं बसलं. आजोबांनी मामांवर हात उगारला नाही. "तंग ढिल्ला व्हता" एवढंच म्हणाले. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटतं, कारण माराचे वळ जातात. ते तीन शब्द काही गेले नाहीत. आई अंगणातून चालत यायला लागली की मामा बैलाकडे बघायचे, आभाळाकडे बघायचे, कुठेही बघायचे, पण तिच्या पायाकडे बघायचे नाहीत.

मी हॉकी खेळते, पण मैदानावरची नाही. आमची हॉकी चाकांच्या बुटांवर, रबराच्या जड चकतीने खेळतात. तीच हॉकी हिवाळ्यात लडाखला गोठलेल्या तळ्यावर, पात्यांच्या बुटांनी खेळली जाते. परभणीत हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "खरंच?" म्हणतात. माझी पॅडं एका पुण्याच्या मुलीने वापरून टाकलेली. नायलॉनचे पट्टे विरलेले, प्लास्टिकच्या पकडी तुटलेल्या. मामांनी ती उलटीपालटी केली, नाकाला लावून वास घेतला आणि झरीला घेऊन गेले. परत आणली तेव्हा प्रत्येक जुन्या पट्ट्याच्या जागी तंगाच्या कातड्याची वादी होती, दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली, वर लोखंडी बक्कल. सामना असला की मामा स्वतः यायचे आणि पॅड त्यांनीच बांधायचं असा शिरस्ताच पडला. एकदा ओढून झालं की म्हणायचे, "चार पावलं चाल, माय." मी चालले की पुन्हा बसायचे आणि आणखी एक भोक आवळायचे. संघातल्या मुली विचारायच्या, घोडी तयार झाली का? मी चिडायचे, पण पाय पुढे करायचे. पोटऱ्यांवर वळ उठायचे. तरी सिमेंटवर त्याने फारसं अडत नव्हतं, कारण तिथे मी उभ्यानेच अडवायचे.

लडाखच्या शिबिरासाठी माझं नाव आलं तेव्हा आईने अट घातली की घरातलं कुणीतरी सोबत हवं. वडिलांना रजा नव्हती. मामा कळप मुलावर सोपवून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास, पण सामानात काय, तर एक घोंगडं, कानटोपी, दाभण, दोरा आणि वादीचा एक गुंडाळा. तिथल्या बायका त्यांचं घोंगडं बोटांत धरून बघायच्या, मामा त्यांच्या शाली बघायचे, आणि भाषेचा एक शब्द न कळता दोन्हीकडून माना डोलायच्या. तेवढाच काय तो त्यांना विरंगुळा. बाकी वेळ ते तळ्याच्या काठाला उभे राहून बर्फाकडे संशयाने बघत असत. खाली पाणी आहे आणि वर पोरी पळतायत, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

शिबिराच्या शेवटी निवडीचा सामना होता. गोलकीपर आम्ही दोघी आणि जागा एक. बर्फावर गोलकीपरला दोन्ही गुडघे टेकून, पाय बाजूला फाकवून बसावं लागतं, म्हणजे दोन पॅडांची भिंत होते. मी ते शिकले होते, सरावात बसतही होते, पण गुडघा रोज सुजायचा आणि मी तो थंडीच्या माथी मारत होते. सामना सुरू झाला आणि पहिला गोल माझ्या पॅडाखालून गेला. मी वेळेवर बसले होते, जागा बरोबर होती, तरी चकती खालून सरपटत आत गेली. थोड्या वेळाने दुसरा, अगदी तसाच. उठताना उजव्या गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांसमोर अंधारी आली. पहिला भाग संपल्याची शिट्टी झाली तेव्हा दुसरी मुलगी हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

काठाच्या पत्र्याच्या खोलीत कोच सरांनी माझं पॅड धरून हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. "हे पायाभोवती फिरलं पाहिजे," ते म्हणाले. "तू गुडघ्यावर बसलीस की पॅडाने वळून समोर तोंड करायला हवं. हे आवळलंय म्हणून तिरकं राहतं आणि खालून फट पडते. गुडघाही पिळवटतोय. कोणी बांधलं हे?" मामा म्हणाले, "म्या." सरांनी बकलाकडे हात नेला आणि मामांनी तो मधेच धरला. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पट्टे सैल झाले तर तू, नाहीतर ती." आणि बाहेर गेले. मी स्वतः सोडायला वाकले, पण छातीवरचं चिलखत वाकू देईना. बोटं बधिर झाली होती आणि गारठ्याने वादी लाकडासारखी कडक. मामा हललेच नाहीत. "ढिल्लं ठिवून तुला तितं हुबं करू? त्यो दगड येतो की अंगावर. मला सांगू नको माय, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." बाहेर शिट्टीची तयारी चालली होती. माझा तोल गेला. "मामा, ढिल्लं न्हाई केलं तर माझा गुडघा जाईल. आईवानी चालू का मी बी?"

हे मी बोलायला नको होतं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या कशानेही ते हात हलले नसते. मामा खाली बसले. बकलावर तोंडाची वाफ सोडून सोडून त्यांनी ते ऊबदार केलं, एक भोक सोडलं, थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरं सोडलं. पोटरीमागे त्यांचा आख्खा पंजा जाईल एवढी जागा झाली. सगळे पट्टे सोडून झाल्यावर सवयीने म्हणाले, "चार पावलं चाल." मी चालले आणि त्यांचा हात सवयीनेच पुढे आला... तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

पुढे मामांनी सामना पाहिला नाही. घोंगडं डोक्यावरून घेऊन ते तळ्याकडे पाठ करून बसले होते, हे मला जाळ्यापाशी उभं राहून दिसत होतं. चकती आली तशी मी बसले. पॅड पायाभोवती सर्रकन फिरलं, बर्फाला चिकटलं आणि धप् असा आवाज आला. त्या आवाजाला मामांची पाठ दचकली. असे कितीतरी आवाज झाले आणि प्रत्येक वेळी ती पाठ दचकत राहिली. सामना आम्ही हरलो, पण पॅडाखालून पुन्हा काही गेलं नाही आणि जाळ्यापुढे मीच राहिले. संपल्यावर मामा बर्फावरून घसरत, धडपडत आले आणि मेंढराचा पाय तपासावा तसा माझा पाय घोट्यापासून वर चाचपत गेले. "हाय का समदं?" मी म्हटलं, हाय. मग ते तिथेच बर्फावर बसले आणि घोंगड्यात तोंड घालून रडले. पोरी बघत होत्या. मला जराही लाज वाटली नाही.

घरी आल्यावर त्यांनी आईला एवढंच सांगितलं, "पोरीचा पाय चांगला हाय." आई चहा ठेवायला आत गेली. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी झरीहून फोन यायचा, "ढिल्लं हाय न्हवं?" आवाजात भीती तशीच असायची. ती शेवटपर्यंत गेली नाही. ढिल्लं ठेवायचं हे त्यांना पटलं होतं, पण ते त्यांना सोसत नव्हतं, आणि तरी ते विचारायचे.

परवा मी पॅडं घेऊन बसले होते. उजव्या पायाची पोटरीवरची वादी भोकापाशी चिरली आहे, ती बदलायची होती. मामांच्या गुंडाळ्यातली वादी मामेभावाने आणून दिली होती. आई शेजारी पाय लांब करून बसली होती. मी दाभण ओवत होते आणि ती अचानक म्हणाली, "दादानं तंग ढिल्ला बांधला नव्हता." मला वाटलं, दुःखात माणसं बोलतात तसं बोलतेय. पण ती थांबेना. "लय आवळला व्हता. घोडी कण्हायली व्हती. मला तिची कीव आली. दादा कोकरं धरायला गेला आन् तिनं श्वास सोडला तसं म्या दोन्ही हातानं वढून बक्कल सोडलं, मागल्या भोकात घातलं. मग दादा आला आन् मला वर बसवलं." मी विचारलं, आणि सांगितलं का नाहीस? "आबा मारतील म्हून आदी न्हाई सांगितलं. मग पाय वाकडा बसला, समदे रडायलते, तवा कसं सांगू? मग लगीन झालं. दर राखीला वाटायचं, आज सांगावं. त्यो माझ्या पायाकडं बगायचाच न्हाई गं..."

मला आईचा राग आला. अजून आहे, आणि ती माझी आई आहे, लंगडत माझ्यासाठी डबा करते, म्हणून तो कमी होत नाही. त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोलले नाही. वादी शिवली, पॅड पायाला लावलं आणि घट्ट ओढलेलं बक्कल पुन्हा मागे घेताना मला ती पत्र्याची खोली दिसली. मामा तिथे गुडघ्यावर बसले होते, आणि बहिणीच्या बाबतीत एकदा हातून घडलं तेच आपण आता भाचीच्या बाबतीत जाणूनबुजून दुसऱ्यांदा करतोय, अशा समजुतीने एकेक भोक सोडत होते. खरं तर पट्टा सैल सोडण्याची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.