दुसरी सीट कोणासाठी

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन गल्लीत घरोघरी गेले. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या काकांनी मात्र पेढा उचलला, उजेडात धरून सगळीकडून पाहिला आणि विचारलं, "काऊन?"

"पास झाले ना काका."

"थे ऐकलं. पन इतके मार्क काऊन देले तुले? पेपर सोपा होता का?"

काऊन म्हणजे का. आमच्या हिंगणीत हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो, पण काकांचं प्रत्येक बोलणं त्यानेच सुरू व्हायचं. भाजीवालीने कोथिंबिरीची काडी जास्त टाकली, की "काऊन देली? सडकी असन." एखाद्या मुलाने लांबूनच हात जोडून जयभीम केला, की "आज लयच वाकून राह्यला, काऊन?" म्हणून ते सगळ्या गावाचे काऊनकाका झाले. आमच्या घरात शिकलेलं कोणी नव्हतं. माझ्या मार्कांवर अविश्वास दाखवणारे ते एकटेच. पण त्या दिवशी पेढा खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "सोपा असता तं बाकीचे काऊन नापास झाले असते? म्हनजे तू हुशार हायेस." शंका घेऊन झाल्यावर केलेलं ते कौतुक मला इतरांपेक्षा खरं वाटलं.

काका एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर गावाने त्यांना एक काम आपोआप देऊन टाकलं. कोणाला जुनी मोपेड, जुना फ्रीज, पाण्याची जुनी मोटर घ्यायची असली, की काकांना सोबत न्यायचं. त्यांना त्यातलं फार कळत होतं असं नाही. ते फक्त वस्तूभोवती हळूहळू फिरायचे, वास घ्यायचे आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून विचारायचे, "काऊन विकतेस?" चांगला माणूसही अशा वेळी गडबडून भाव कमी करायचा.

संशयाचंच आणखी एक काम त्यांच्या नावावर होतं. बोर धरणाकडे जाणारी पोरं आमच्या गल्लीतून मोटारसायकली भरधाव काढायची. काकांनी लोकांना गोळा करून गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा ब्रेकर बांधून घेतला. मिस्त्री म्हणाला, बस झालं. काकांनी पाय ठेवून पाहिला आणि म्हणाले, "अजून चढव. पोट्टे उडवत नेतीन." मिस्त्रीने चढवला. काकांनी पुन्हा पाय ठेवला. "अजून."

अशा माणसाने एक दिवस मला विचारलं, "पोरी, तुह्या मोबाइलवर त्या दोन सीटच्या गाड्यांचे भाव दिसतात का?"

मला गाड्यांमधलं काही समजत नाही. पण त्यांना दाखवता दाखवता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती बरोबर आहे की नाही माहीत नाही. त्या जाहिरातींत जुन्या स्पोर्ट्स कार होत्या, लाल, पिवळ्या, जमिनीला टेकलेल्या. काही वर्षांपूर्वीच्या जाहिरातींत त्यांच्या मागे संगमरवरी पोर्च असायचा, कुंड्या, मोठं गेट. नव्या जाहिरातींत मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल होते. एका फोटोत तर चाकाजवळ बकरी बसली होती. पूर्वी अशी गाडी म्हणजे बिल्डरचा पोरगा नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा भाचा. आता विकणारे आणि घेणारे ट्यूशनवाले सर, ढाबेवाले, पेन्शनर होते. भाव तर इतके पडले होते की आमच्या सरपंचांची नवी पांढरी गाडी त्याहून महाग होती.

"इतक्या स्वस्त काऊन?" काकांनी विचारलं. ते विकणाऱ्यालाच विचारायला हवं होतं. त्यामुळे आम्ही नागपूरला गेलो. काका, माझे बाबा, आणि मोबाइल माझा म्हणून मी.

विकणारा माणूस जिममध्ये जाणारा, गोरापान, हसतमुख होता. गाडी हळदीसारखी पिवळी होती. काका तिच्याभोवती फिरले, वाकून पोट पाहिलं, सीटचा वास घेतला. मग त्या माणसाजवळ जाऊन म्हणाले, "एवढी गाडी विकून राह्यले तुमी अन् तोंडावर दुख नाई. काऊन?"

तो हसायला लागला. "काका, ही घेतली तेव्हा सिग्नलवर लोक फोटो काढायचे. आता विचारतात, भाऊ, जुनी आहे ना? पेट्रोल पिते, पार्ट लवकर मिळत नाहीत. लोकांना आता उंच गाड्या पाहिजेत. आणि मला दोन मुलं झाली. त्यांना काय डिक्कीत बसवू?"

आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक त्यांना एखादं उत्तर पटलं.

सौदा झाला, गाडी कागदपत्रं झाल्यावर येणार होती. परतीच्या बसमध्ये मी धीर करून विचारलं, "काका, दोनच सीटची कशाला?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "जिंदगीभर कोनीबी हात दाखोला का थांबलो. कोंबड्या घेतल्या, वऱ्हाड घेतलं. तुही काकू एखाद्या वेळी चढली तं मागं, गर्दीत उभी. आता दोनच सीट पायजे. तिसऱ्यानं हात दाखवाचं कामच नाई."

गाडी गावात आली तो दिवस गमतीचा होता. गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. काका उतरले, वाकले. गाडीचं पोट आणि ब्रेकरचा माथा यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून बघणाऱ्या पानवाल्या गजूवर ओरडले, "काऊन रे, एवढा उंच कोनं केला हा?"

"तुमीच तं म्हनलं होतं काका, अजून चढव, अजून चढव!"

सगळी गल्ली हसली. काकांनी ब्रेकर थोडा तासून घेऊ म्हटलं, तर गजू गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नाई काका, पोट्टे उडवत नेतीन." शेवटी गाडी पानठेल्यासमोर, कडुनिंबाखाली उभी राहिली. अंगणात राहिली असती तर लोक चार दिवसांत विसरले असते. चौकात राहिल्यामुळे ती रोज नव्याने दिसायची आणि रोज नवा संशय यायचा. कोणी म्हणालं, कोणा रेतीवाल्याची आहे, काकांच्या नावावर लपवली आहे. कोणी म्हणालं, लॉटरी. माझे बाबा स्वतः नागपूरला आले होते, सगळा व्यवहार त्यांच्यासमोर झाला होता, तरी ते घरी म्हणत, "ड्रायव्हर मानसाले हे परवडतेच कसं?"

काका ज्याला त्याला खरी किंमत सांगायचे. ती कोणालाही खरी वाटायची नाही. "सांगा ना काका, आमच्यापासून काय लपवता?" असं रोज ऐकून ते वैतागले आणि एक दिवस पानठेल्यावर त्यांनी किंमत दुप्पट करून सांगितली. लगेच सगळ्यांचं समाधान झालं. "आता बोलले खरं," गजू म्हणाला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरावर संशय घेतलेल्या माणसाने विश्वास बसावा म्हणून खोटं सांगितलं, आणि ते संध्याकाळपर्यंत घरी पोचलं.

काकूला खरी किंमत माहीत होती. ती त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशांत बसत होती. आता बाहेर दुप्पट ऐकल्यावर तिने एकच विचारलं, "बाकीचे कोनं देले?" काका म्हणाले, बाकीचे नाहीतच, मी उगाच बोललो. काकू म्हणाली, "तुमी अन् उगाच?"

इथे आष्टीबद्दल सांगायला हवं. काका कित्येक वर्षं आष्टीची मुक्कामी गाडी न्यायचे. म्हणजे संध्याकाळी तिथे पोचायचं, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे निघायचं. काकू त्यावरून त्यांना नेहमी चिडवायची. भाजी आवडली नाही की म्हणायची, "आष्टीवालीच्या हातची गोड लागत असन." काका रागावायचे, आम्ही हसायचो. पण गाडी आल्यावर पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, दोन सीटची गाडी आहे, दुसरी सीट कोणासाठी? आणि काकूने आष्टीचं नाव घेणंच सोडून दिलं. काकूची थट्टा बंद झाली तेव्हा काका घाबरले. माझ्या आईजवळ येऊन म्हणाले, "वयनी, थे आता आष्टीवालीवरून बोलत नाई. काऊन?"

खरं सांगायचं तर मलाही कधीकधी वाटायचं, की काही असेल का? प्रत्येकावर संशय घेणारा माणूस स्वतः काही लपवत असतो, असं कॉलेजमध्ये कोणीतरी म्हणालं होतं. मी काकांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. सकाळी ते गाडी पुसत, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि पलीकडचं दार उघडं ठेवत. काकू चक्कीवर जाताना समोरून जायची. मान वळवायची नाही. काका तो पिठाचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघायचे आणि मग हात लांब करून दार ओढून घ्यायचे. ज्याच्या मनात दुसरं कोणी आहे तो असं दार उघडं ठेवेल का, हे मला ठरवता येत नव्हतं.

मग एका रविवारी विहारात वंदना सुटली. बायका पांढऱ्या पातळांत बाहेर पडत होत्या, चौक भरलेला होता. मी आणि आई काकूच्या मागेच होतो. काकू सरळ कडुनिंबाकडे चालायला लागली. काका गाडी पुसत होते, त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कडी कुठी हाय हिची?" तिने विचारलं. काकांनी धावत जाऊन दार उघडलं. काकू वाकली, एक पाय आत टाकला, आणि धप्पकन बसली. "माय वं! हे तं खाटंपेक्षाबी खाली हाय!"

पानठेल्यावर गजूचा चुना लावायचा हात थांबला होता.

"चाला," काकू म्हणाली.

"कुठी?"

"आष्टीले. पाहूच द्या मले एकडाव, कोन हाय थे."

काकांनी तोंड उघडलं. सगळा चौक त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होता. पण काकांनी तोंड मिटलं, फडकं माझ्या हातात दिलं आणि गाडी सुरू केली. काऊन न विचारलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी दोघं परतले. काकू आमच्या ओट्यावर बसून आईला सांगत होती. आष्टीच्या स्टँडजवळच्या चहावाल्याने काकांना ओळखलं, लोक जमले. "अन् सांगतो तुले, एक बाई निंघालीच!" ती चहावाल्याची म्हातारी आई होती. काठी टेकत आली आणि काकूच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तूच का वं थे? हा माही भाकर खाये अन् तुह्या भाकरीची तारीफ करे."

आईचे डोळे भरून आले. काकू मात्र डोळे बारीक करून म्हणाली, "म्हनजे तिची भाकर खाल्लीच ना यायनं!" आणि वरून, "आष्टी पाह्यलं. पन मुक्काम काय एकच होता का?"

तिथून तो तपास सुरू झाला. काकांनी ज्या ज्या गावी मुक्कामी गाडी नेली होती, ते प्रत्येक गाव काकूला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. हिवाळाभर रविवारी वंदना झाली की पिवळी गाडी निघायची. कुठे ड्रायव्हरांची पडकी खोली बघून यायची, कुठे नुसता पिंपळ. परत आल्यावर काकू जाहीर करायची, "इथंबी कोनी नव्हतं. हलवली असन." काका तिच्या मागे उभे राहून, पेढा मिळाल्यासारखे, हसत असायचे. गावाचा संशय कधी विरला कळलंच नाही. लोक आता विचारायचे, "काकू, आता कोनतं गाव राह्यलं?"

"आंजी," ती म्हणायची. "आंजीचा मुक्काम राह्यला."

आंजीला जायचं राहिलंच. यंदाच्या उन्हाळ्यात दुपारी झोपलेले काका उठले नाहीत. काकू त्यांना हलवत होती आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, जे ते जगाला विचारायचे.

काही दिवसांनी गल्लीतल्या लोकांनी ब्रेकर फोडला. कोणी ठरवलं माहीत नाही. घण गजूच्या हातात होता. पाचसहा जणांनी गाडी ढकलत काकांच्या अंगणात नेली. काकू दारातून म्हणाली, "ढकलून काऊन राह्यले बाप्पा? चालू होते थे." पण कोणाला ती चालू करावीशी वाटली नसावी.

आता गाडीला गिऱ्हाइकं येतात. भाव आणखी पडले आहेत, लोक ते चाचरत सांगतात. काकू भावाचं ऐकूनच घेत नाही. तिचा प्रश्न एकच असतो. मी आता शिकायला वर्ध्याला राहते. मागच्या रविवारी घरी आले होते, तेव्हा सेलूचे एक शिक्षक आले होते. सभ्य माणूस. काकूने विचारलं, "दुसऱ्या सीटवर कोन बसन?"

"माझी मिसेस."

"तिले विचारलं?"

"नाही, तिला सरप्राइज..."

"मंग तिले घेऊन येजो. थे बसली तं बोलू."

ते गेल्यावर काकू अंगणात आली, स्वतःच्या हाताने दार उघडून आपल्या सीटवर बसली. कडी आता तिला शोधावी लागत नाही. मला म्हणाली, "उभी काऊन? बस."

एकच जागा उरली होती. मी काकांच्या सीटवर बसले. स्टिअरिंगवर त्यांनी गुंडाळलेला दोरा होता, बसच्या ड्रायव्हरांसारखा. मी म्हणाले, "काकू, मला गाडी येत नाही."

ती समोर बघत होती, जिथे पूर्वी ब्रेकर होता.

"काऊन शिकत नाईस?" ती म्हणाली. "आंजी पाहाचं राह्यलं अजून."