दुबळं ॲसिड

काच दुधी करणारे म्हणून कारखान्यात सगळे त्यांना दुधीकाका म्हणायचे. न्हाणीघराची दारं, साहेबांच्या केबिनी, आरशांच्या कडेच्या वेली. गुळगुळीत काचेवर ॲसिड फिरवून ती धुरकट करण्यात हयात गेली. आपल्या रबरी हातमोज्यांत पाणी भरून, तोंड आवळून ते दाबून बघायचे, कुठे गळतात का. बाकीचे हसायचे, म्हणायचे, काका म्हैस पिळतायत. काकांना त्याचं काही नव्हतं.

लेक रसायनशास्त्र शिकायला लागली आणि एकदा वाचता वाचता म्हणाली, "बाबा, तुमचं ॲसिड तर दुबळं आहे."

"काच खातं ते. आणि दुबळं?"

तिने समजावलं. फरशी घासायच्या ॲसिडात हायड्रोजन आणि क्लोरीन जरा लांब उभे, पकड सैल. पाण्यात पडले की फारकत. काकांच्या ॲसिडात हायड्रोजन आणि फ्लोरीन अगदी खेटून. अंतर कमी, पकड घट्ट, सहजासहजी सुटतच नाहीत. जे सुटत नाही ते दुबळं, असं पुस्तकात होतं. काकांना पोरीचं कोण कौतुक! दुसऱ्या दिवशी कारखानाभर सांगत सुटले, की उभा जन्म एका दुबळ्याला घाबरण्यात गेला.

आणि वेलीचा नाजूक कोपरा आला तेव्हा मोजे काढून ठेवले. रबराच्या जाड बोटांनी रेघ बारीक येईना. उजवा हात ओला झाला, पण चुरचुरलासुद्धा नाही. लेकीचं खरंच होतं तर.

संध्याकाळी हातात घास धरवेना. कातडीवर फोड नाही, डाग नाही, म्हणून दवाखाना सकाळवर ढकलला. सकाळी बोटं पांढरीफटक. डॉक्टर म्हणाले, हे ॲसिड कातडीवर सुटं होत नाही, म्हणून तर अख्खंच्या अख्खं आत उतरतं. आत जाऊन सुटतं आणि हाडातलं कॅल्शियम धरतं. दोन बोटं कापावी लागली.

"मोजे नव्हते घातले?" लेकीने खाटेशी बसून विचारलं. तिची परीक्षा तोंडावर आली होती.

"फाटका निघाला गं."

काका घरी आले त्या दिवशी तिने त्यांच्या पिशवीतून उजवा मोजा काढला, नळाखाली धरून भरला, तोंड आवळून दाबला. थेंब गळेना. पाचही बोटं टम्म फुगलेला तो मोजा घेऊन ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आतून फाटलाय तो," काका म्हणाले. "दिसत नाही. जा, अभ्यासाला बस."

ती बसली नाही. मोजा ओतलाही नाही.