पालथी पाटी आणि प्राचीची ओढणी

मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं, आठवतंय का कुणाला? नसेलच… तुम्हाला आईचा नंबरसुद्धा फोनलाच विचारावा लागतो. असो. बोलतेय मी, सातपाटीची आजी. टाइप करतेय माझी नात प्राची, कारण मला अक्षर येत नाही. आजचं तिच्याबद्दलच आहे, म्हणून तोंड वाकडं करून टाइप करतेय.

प्राची केमिस्ट्री शिकली आणि नोकरी शोधायला लागली. कुणीतरी सांगितलं, आधी स्वतःचा ब्रँड बनव, नेटवर्क वाढव. मग काय… कोट घातलेला फोटो, रोज एक पोस्ट, कधी न पाहिलेल्या माणसांशी ओळखी. मी चिडवायचे, एवढ्यातला एक तरी चहाला आला का गं?

चिडवायचे खरी, पण आत काळजी होतीच. तिच्या बापाचे गुडघे गेलेत, बोटीवर फार दिवस जाणं आता होणार नाही. घराचे डोळे हिच्याकडे लागलेले…

मागच्या महिन्यात तारापूरच्या एका कारखान्यात लॅबसाठी इंटरव्ह्यू होता. जागा एकच. तिची कॉलेजातली मैत्रीण सुनंदाही यायची होती, जव्हारकडच्या पाड्यावरची. प्राची वेळेत पोचली आणि सुनंदाची एसटी वाटेत बंद पडली.

सुनंदाच्या नावाचा पुकारा झाला. प्राचीने शेजारच्या खुर्चीवर आपली ओढणी टाकली आणि उठून सांगितलं, ती येतेय, ही जागा तिची आहे. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम बाहेर आल्या, तर ही त्यांना सांगत बसली की सुनंदाचा हात किती स्थिर, काम किती चोख… मग हिची पाळी आली, तेव्हा स्वतःबद्दल पाठ केलेलं निम्मं विसरून गेली.

सुनंदा धापा टाकत आली. तिलाही आत बोलावलं. नोकरी तिला लागली.

ते कळलं त्या दिवशी प्राची भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझी सून, म्हणजे तिची आई, शेवटी न राहवून म्हणाली, "आपली मासळीची पाटी सोडून दुसरीचं गिऱ्हाईक सांभाळते का गं कोणी?"

मी म्हटलं, "सांभाळते. काशी सांभाळायची."

काशी म्हणजे पालघरच्या बाजारात माझ्या शेजारी मासळी विकायला बसणारी. आमची बोट एकदा परत आली, पण माझा नवरा परत आला नाही. मी घरात बसले ती बसलेच… जेवायचंसुद्धा कुणी आठवण केली तर.

आमच्यात रीत हाय, शेजारणीवर असं काही आलं की तिची जागा धरायची. काशीने माझी पाटी माझ्या जागेवर पालथी घालून ठेवली, कुणाला तिथे बसू दिलं नाही. माझं गिऱ्हाईक आलं की म्हणायची, आज माझ्याकडचं घे, पण तू तिचाच, ती येणार हाय. मी परत बाजारात गेले तेव्हा माणसं मला नावाने हाक मारत आली. मी नसताना माझं नाव तिने मरू दिलं नव्हतं.

प्राचीला हे कुणी शिकवलं नाही. लहानपणी माझ्या मागे बाजारात बसून बघितलं असेल… ओढणी टाकताना तिला वाटलंही नसेल की आपण काही वेगळं करतोय.

परवा सुनंदाचा फोन आला. लॅबमध्ये आणखी एक माणूस लागणार आहे म्हणे. मॅडमनी कुणाला विचारायच्या आधीच सुनंदाने प्राचीचं नाव सांगितलं. मग मला म्हणाली, "आजी, बाजूच्या स्टुलावर मी माझी पिशवी ठेवलीय. कुणाला बसू देत नाय."

मी फोन प्राचीच्या हातात दिला आणि सुके बोंबील काढायला उठले. प्राचीला वाटलं रेंज गेली…

सोमवारी प्राचीला बोलावलंय. होईल, न होईल, ते मला ठाऊक नाही. फोटोला किती लाइक पडले तेही मला मोजता येत नाही. पण पोर तिथे नसताना तिच्यासाठी जागा धरणारं माणूस तिथे आहे, एवढं मला पुरतं. काशी असती तर तिला सांगितलं असतं.

सुनंदे, हे वाचशीलच. प्राचीबरोबर सुके बोंबील देतेय. पिशवी रिकामी परत पाठवू नकोस, तुझ्या आईच्या हातच्या नागलीच्या भाकऱ्या घाल. आणि मऊ पाठव गं, मला दात राहिले नाहीत.