गाठीला हवा

वडिलांच्या गालाला कॅन्सर झाला तेव्हा मी त्यांना रोज रेडिएशनचा शेक द्यायला दवाखान्यात नेत असे. तिथल्या बाकावर काष्टी गावचे एक म्हातारबाबा भेटायचे. त्यांच्या जिभेला तोच आजार. ते कायम तोंड आ वासून बसलेले असायचे. न राहवून मी कारण विचारलं.

"डाक्टर म्हनले, गाठीच्या आत हवा कमी पडती, म्हनून शेक नीट लागत न्हाई. मग म्या हवा देतुय!"

हळूहळू त्यांनी सगळ्या बाकाला हे पटवलं. वडील मात्र तोंडावर उपरणं धरून बसत. लाजेपायी त्यांनी घरीही बोलणं सोडलं होतं. एकदा म्हातारबाबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"पाव्हनं, उघडा की. हितं समद्यांची तोंडं सारखीच हायेत."

वडिलांनी उपरणं काढलं आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात डॉक्टर आले आणि ती उघडी तोंडं बघून दारातच थबकले. "अहो बाबा, गाठीला हवा रक्तातून मिळते, तोंडातून नाही!"

बाबा जरा ओशाळले. मग बाकाकडे वळून म्हणाले, "मिटा रं समदी!"

दुखत असतानाही वडील खदखदून हसले. घरी गेल्यावर आईला ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली, आणि ती हसली म्हणून पुन्हा सांगितली.