मोठ्या आसाचं जाळं

तळ्याकाठच्या शेवटच्या घरात आक्का जाळी विणायची. तिच्याहून वयाने मोठे लोकही तिला आक्काच म्हणत. हात चालू असताना तोंडही चालायचं. "माझ्या जाळ्यातून मासा सुटेल, माझ्या तावडीतून कोणी सुटायचं नाही," असं ती स्वतःच सांगायची.

पुढे तळ्यातला मासा रोडावला. लोकांनी जाळ्याचा आस, म्हणजे गाठींमधली जागा, बारीक करत आणली. बोटाएवढी पिल्लंही अडकू लागली. टोपल्या भरायच्या, पण बाजारात त्यांना कोणी हुंगत नसे. शेवटी मच्छीमारांनी बैठक घेतली आणि बारीक आसाची जाळी बंद करायचं ठरवलं. आक्काने सगळ्यांसमोर शब्द दिला की असं जाळं ती कोणालाच विणून देणार नाही.

त्याच आठवड्यात धाकटा भाऊ आला. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं.

"आक्का, मला तेवढं एक दे. बायकोचे दिवस भरत आलेत."

"तुला दिलं तर इतरांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तळं सावरेपर्यंत दोघं माझ्याकडे जेवा."

"बहिणीच्या जिवावर जगू होय?"

तो चपला घालून निघाला. आक्काने हाक मारली नाही. येईल राग शांत झाल्यावर, असं तिला वाटलं.

तो समुद्रावर गेला, एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून. वादळात बोट उलटली. इतरांचे देह सापडले, त्याचा नाही. त्याची मुलगी तोवर रांगायलाही लागली नव्हती.

वर्ष सरलं आणि तळ्यात पुन्हा हातभर मासे दिसू लागले. लोक आक्काचे गोडवे गाऊ लागले की ती उठून आत जायची. भावजयीकडे धान्य घेऊन गेली, तर दार उघडलं नाही.

मग एक दिवस भावजय स्वतःच आली, मुलीला कडेवर घेऊन.

"वन्सं, जाळं हवंय. मोठ्या आसाचं. आता मीच उतरणार तळ्यात."

आक्काने विचारलं, "तो माझ्यामुळे गेला, असं वाटतं ना तुला?"

"वाटतं," ती म्हणाली. "पण हिला भरवायचं आहे."

आक्काने सूत काढलं. जाळं पुरं होईपर्यंत भावजय रोज येऊन शिशाच्या गोळ्या बांधू लागायची. मुलगी दोघींच्या मध्ये झोपलेली असे. पण आक्काने कितीदा बोलावलं तरी तिने ओसरीवरून आत पाऊल टाकलं नाही.